पुढची गाडी

माझी धाकटी बहीण लहानपणी बसमध्ये बसली की ओकायची. एकदा मामाच्या नव्याकोऱ्या चपलांवर ओकली, तेव्हापासून आमच्याबरोबर कुठे जायची वेळ आली की मामा गुपचूप शेवटच्या बाकावर जाऊन बसायचा. तीच बया आता रोज अर्ध्या शहराला वळसा घालून कामाला जाते, आधी बस, मग मेट्रो, मग परत बस, आणि उभ्या उभ्या झोपते. मी डोळ्यांनी पाहिलंय. एक हात वरच्या कडीत, मान खांद्यावर पडलेली, आणि तिचा स्टॉप आला की डोळे उघडायच्या आधी पाय दाराकडे वळतात. मला ही विद्या काही येत नाही. माझं सगळं आयुष्य चालत जाता येईल एवढ्या टापूत गेलं आणि त्याचं मला काडीचं दुःख नाही.

धाकटी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. यंत्रातून निघालेली गरम चादर दोघींनी चार कोपरे धरून ताणायची, घडी घालायची, ढिगावर टाकायची आणि दुसरी उचलायची, असं दिवेलागणीपर्यंत. एक बाई उशिरा आली की तिची जोडीदारीण अडकते, कारण एकटीला चादर ताणता येत नाही. म्हणून तिथे उशिरा येणारीला कुणी रागवत नाही, फक्त तिच्याशी दिवसभर बोलत नाहीत. धाकटीला ते थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागतं.

तिचा नवरा बेकरीत भट्टीवर आहे. उजाडायच्या आधी जातो आणि दुपारी डोक्यापासून पायापर्यंत पिठाने माखून सुटतो. लग्नाच्या वेळी मी त्याला नापसंत केलं होतं. का म्हणाल, तर हा माणूस मुळात कमी बोलतो आणि जे बोलतो त्यातलं अर्धं गिळतो. बाकी सालस आहे, कष्टाळू आहे, माझा मान ठेवतो. पण अर्धं बोलणाऱ्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे उरलेलं अर्धं बायकोने ओळखत बसायचं.

त्यांची मुलगी खारू. खरं नाव वेगळं आहे, पण पुढचे दोन दात आणि गाल भरून खायची सवय, त्यामुळे जन्मभर खारूच राहणार बहुतेक. पहिलीत आहे, शाळा दुपारची.

आता ह्या दोघांनी तिची सोय कशी लावली होती ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. घर, मधला मोठा चौक आणि शाळा, तिन्ही एकाच बसच्या वाटेवर. धाकटी खारूला घेऊन घराजवळ बसमध्ये बसायची. चौकात धाकटीला मेट्रोसाठी उतरावं लागतं. त्याच चौकात नवरा कामावरून सुटून उभा असायचा. गाडी थांबली की ही पुढच्या दाराने उतरायची, तो मागच्या दाराने चढायचा, आणि तिच्या रिकाम्या झालेल्या जागेवर, खारूशेजारी, बसायचा. पोर जागची हलायचीसुद्धा नाही. एका बाजूची आई जाऊन बाप यायचा, एवढंच. मी ह्याला खांदेपालट म्हणायचे. धाकटीला तो शब्द आवडायचा नाही.

खारूला नियम एकच घालून दिलेला होता. आईचा नाहीतर बाबाचा हात हातात आल्याशिवाय जागा सोडायची नाही. कुणी गोड बोललं तरी नाही, कुणी ओरडलं तरी नाही. आणि परक्याने हाक मारली तर ओ द्यायची नाही.

नवराबायकोची गाठ पडायची ती तेवढीच, गाडीच्या दारात. तो रात्री लवकर झोपतो, ही उशिरा येते. सुट्ट्याही वेगवेगळ्या वारी. त्यांची भांडणंसुद्धा हप्त्याहप्त्याने चालायची. सोमवारी ही उतरता उतरता म्हणणार, "तुझ्या आईने परत तेच केलं," आणि मंगळवारी तो चढता चढता म्हणणार, "काय केलं?" तोपर्यंत हिचा राग शिळा झालेला. मी म्हणायचे, बरं आहे बाई, असा संसार टिकतो तरी.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तपासणीला धाकटीच्याच इस्पितळात जायचं होतं. "ताई, तू एकटी हरवशील, माझ्याबरोबर चल," असं तिने बजावलं. डोळ्यावर पट्टी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात धाकटीचा दंड, अशी माझी वरात निघाली.

बसमध्ये शिरलो तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळत होतं. माणसं दारात लोंबत होती. मेट्रो सकाळपासून बंद पडली होती, म्हणजे जमिनीखालचं सगळं शहर वर रस्त्यावर आलं होतं. धाकटीने कुणालातरी विनवून खारूला खिडकीशी जागा मिळवून दिली आणि स्वतः तिच्यावर ओणवी होऊन उभी राहिली, धक्के आपल्या पाठीवर घेत. मेट्रो नाही म्हणजे तिला उशीर होणार हे ठरलेलं. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

चौकात गाडी थांबली आणि कंडक्टर ओरडला, "गाडी इथेच संपली! पुढे जाणार नाही. सगळे उतरा!"

लोकांनी आरडाओरडा केला, पण गाडी मागे वळवायचा हुकूम होता. उतरावं लागलं. ही सोय लागल्यापासून पहिल्यांदा खारूला मधेच जागेवरून उठवलं. धाकटीने तिला कडेवर घेतलं, दप्तर माझ्या गळ्यात अडकवायला गेली, मग विचार बदलून खारूच्याच पाठीवर चढवलं. फूटपाथ माणसांनी असा भरला होता की आम्ही तिघी ढकलल्या जात स्टॉपपाशी पोचलो. नवरा कुठे दिसेना.

तेवढ्यात फोन आला. धाकटीने कानाला लावला, गोंगाटात ऐकू येईना म्हणून मोठ्या आवाजावर टाकला. त्यामुळे मीही ऐकलं, शब्द न् शब्द.

"कुठे आहेस?"

"चौकात. आमची गाडी इथेच रिकामी केली रे."

"मी पुढच्या गाडीत आहे. पुढच्या दाराने चढव तिला. मी घेतो."

आणि फोन बंद. गर्दीच्या दिवशी जाणकार लोक करतात तेच त्याने केलं होतं. चौकात चढायला मिळणार नाही हे ओळखून एक स्टॉप उलटा चालत गेला होता आणि तिथून बसमध्ये चढून आला होता, हे मला नंतर कळलं.

आमच्यासमोर त्याच नंबरच्या दोन बसगाड्या एकीला एक लागून उभ्या होत्या. एक पुढे, एक मागे. धाकटीने क्षणभरही विचार केला नाही. मीही केला नसता. ती पुढच्या गाडीकडे धावली. पुढच्या काचेतून आत पिठाने माखल्यासारखा पांढरा शर्ट घातलेला माणूस दिसत होता, कडी धरून उभा, पाठमोरा. धाकटीने खारूला दोन्ही हातांनी वर उचललं. दारातल्या एका बाईने "आण, आण, दे इकडे," म्हणून पोरीला बगलेत धरून आत ओढून घेतलं. "बाबा आत आहे!" धाकटी ओरडली. "आवाज दे बाबाला!" दार करकरत मिटलं आणि गाडी निघाली.

धाकटीने कपाळावरचा घाम पुसला. "चल ताई, आता आपलं बघू."

तेवढ्यात मागची गाडी सरकत आमच्यासमोर आली. पुढचं दार उघडलं आणि त्यातून माझा मेव्हणा अर्धा बाहेर लोंबकळला, अंगभर पीठ, दोन्ही हात पसरलेले.

"दे," तो म्हणाला.

"काय दे?"

"खारूला दे. लवकर."

धाकटीच्या तोंडचा रंग उडाला. तिने पुढे बघितलं. पहिली गाडी सिग्नल ओलांडून गेली होती.

"तू... तू पुढच्या गाडीत म्हणालास ना!"

"हीच पुढची!"

"ही मागची आहे! पुढची ती, ती गेली!"

"अगं, तुमची गाडी संपली, मग पुढची म्हणजे तिच्यानंतर येणारी! मी येतोय म्हणून सांगत होतो!"

"पुढे उभी होती ती पुढची नाही तर काय मागची? येतोय म्हणायला तोंडाला काय झालं होतं तुझ्या?"

मला दोघांच्याही श्रीमुखात भडकवावीशी वाटली. एरवी ह्या भांडणावर मी आठवडाभर हसले असते. पण तिकडे सहा वर्षांचं पोर अनोळखी माणसांच्या गर्दीत, पाठीवर दप्तर, एका परक्या पांढऱ्या शर्टाला "बाबा, बाबा" म्हणत असेल.

"चढताय का?" कंडक्टर खेकसला. आम्ही चढलो. मला कुणी चढवलं ते आठवत नाही.

धाकटी माणसांना बाजूला सारत थेट ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभी राहिली. "दादा, ती गाडी गाठा. माझी मुलगी आहे तिच्यात, एकटी." ड्रायव्हर म्हातारा होता. त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि हॉर्नवर हात दाबून धरला. पण पुढे रस्ता होताच कुठे? गाड्यांना गाड्या चिकटलेल्या. थोडा वेळ पहिल्या गाडीची मागची काच दूरवर दिसत होती. मग एक मोठा ट्रक आडवा आला आणि ती दिसेनाशी झाली.

मेव्हण्याने शाळेत फोन लावला. फाटकावरच्या बाईंनी उचलला. "नाही आली हो. गाडी आत्ताच थांबून गेली. आमची चार मुलं उतरली, खारू नव्हती त्यांच्यात."

"ती नाहीच उतरणार," धाकटी म्हणाली. "हात नाही मिळाला तिला." हे म्हणताना तिला हायसं वाटत होतं की भीती वाटत होती ते तिचं तिलाच ठाऊक नसावं. खारू त्या गाडीत आहे, शाळा मागे पडली, आणि गाडी तिला घेऊन पुढे चालली आहे, एवढाच त्याचा अर्थ होता.

आमच्या कंडक्टरला आता दया आली. त्याने त्या गाडीच्या कंडक्टरला फोन लावायला सुरुवात केली. उचलेना. पुन्हा लावला. धाकटी त्याच्या तोंडाकडे टक लावून उभी होती. गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. कुणीतरी तिला बसायला जागा दिली, तिने ती बघितलीही नाही. शेवटी पलीकडून कुणीतरी बोललं. कंडक्टर "हां... हां... बरं..." करत राहिला आणि त्याचा आवाज पडत गेला.

"बाई, त्या गाडीला शेवटपर्यंत जाऊ दिलं नाही. पुलाच्या अलीकडे सगळे उतरवले आणि गाडी आगारात नेऊन लावली. तो म्हणतोय, गाडी रिकामी होती. मूल वगैरे कुणी नव्हतं."

मी खांब धरला. पूल म्हणजे शहराचं टोक, गोदामं, मालाचे ट्रक, खाली नदी. मेव्हणा दाराकडे धावला. "मी पुलावर जातो. तू आगारात जा. दोन्हीकडे बघू." नेहमीची वाटणी, एकाने इकडे, एकाने तिकडे. तो पायरीवर उतरलासुद्धा.

"नाही," धाकटी म्हणाली. "ती पुलावर उतरलेली नाही."

"सगळे उतरले तर ती कशी राहील? लहान आहे ती!"

"मी शिकवलंय तिला. ती उतरणार नाही. आणि त्या आगारात गाड्यांची रांगच्या रांग असते, मला एकटीला किती वेळ लागेल? बंद गाडी, वर हे ऊन बघतोयस ना? तू माझ्याबरोबर चल."

मी तिचीच बहीण, पण त्या क्षणी मला वाटलं की ही चुकते आहे. आईपणाच्या घमेंडीत चुकते आहे, आणि तिकडे पुलावर पोर रडत उभी असेल. मी तसं बोलूनही दाखवलं. धाकटीने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती फक्त नवऱ्याकडे बघत होती. त्याने एकदा पुलाच्या दिशेला पाहिलं, मग पायरीवरून परत वर आला.

त्याच गाडीने आम्हाला आगारापाशी सोडलं. फाटकावर पहारेकरी "कुठे, कुठे?" म्हणेपर्यंत धाकटी आत शिरली होती. समोर पत्र्याच्या कुंपणापर्यंत गाड्याच गाड्या उभ्या, सगळ्या एका रंगाच्या, दारं मिटलेल्या. मेट्रो बंद असताना इतक्या गाड्या इथे कशाला उभ्या, हे विचारायला त्या दिवशी कुणाला सुचलं नाही. त्या पहिल्या गाडीचा कंडक्टर चहा पीत होता. तरुण होता, आम्हाला बघून पेला घेऊनच उभा राहिला.

"मी स्वतः आवाज दिला बाई, सगळे उतरा म्हणून. कुणी उरलं नव्हतं."

"वाकून बघितलंत?"

त्याने पेल्यात बघितलं.

"खाली वाकून बघितलंत का, असं विचारते मी!"

"नाही," तो म्हणाला. त्याने पेला खाली ठेवला. गाडी नेमकी कुठे लावली तेही त्याला सांगता येईना, ते काम ड्रायव्हरचं, आणि ड्रायव्हर दुसरी गाडी घेऊन गेला होता.

मग सुरू झालं ते शोधणं मी जन्मात विसरणार नाही. कंडक्टर बाहेरची कळ दाबून एकेक दार उघडत जायचा. ही आत, तो आत. वाकायचं, बाकांखाली बघायचं, बाहेर यायचं. उघडलेल्या दारातून भट्टीसारखी धग अंगावर यायची. मेव्हण्याला भट्टीची सवय, पण तोही तोंड फिरवत होता. "खारू! ए खारू!" मी माझ्या फाटक्या आवाजात रांगेच्या टोकाला उभी राहून ओरडत होते. पट्टी बांधलेल्या डोळ्यातून पाणी गळत होतं आणि उघड्या डोळ्याला सगळ्या गाड्या मिळून एकच लांबलचक भिंत दिसत होती. पहिली रांग संपली. दुसरी संपली. धाकटीचे गुडघे फुटले होते, ते तिच्या लक्षात नव्हतं. एकदा मेव्हणा बाहेर येऊन पुलाच्या दिशेला बघत उभा राहिला. धाकटीने ते पाहिलं. तिचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी आई गेली तेव्हाही पाहिला नव्हता. तिला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला होता. मला तिची इतकी कीव आली, की मघाशी बोलले ते सगळे शब्द गिळून टाकावेसे वाटले.

तिसऱ्या रांगेतल्या एका गाडीची दोन्ही दारं उघडली. धाकटी पुढच्या दाराने चढली, मेव्हणा मागच्या. मी धापा टाकत पायरीपर्यंत पोचले होते, म्हणून मला आतलं दिसलं.

खारू मधल्या बाकाखाली होती. "सगळे उतरा" म्हणून ओरडा झाला तेव्हा ती बाकाखाली शिरली होती, म्हणजे मग कुणी उतरवणार नाही. दप्तर पोटाशी घट्ट धरलेलं, केस घामाने कपाळाला चिकटलेले, गाल लालबुंद. धाकटी खाली पालथी पडली आणि तिने एक हात आत घातला. पलीकडून मेव्हण्याने आपला पिठाचा हात घातला. "आले गं बाळा, आले," धाकटी म्हणत होती.

खारू हात धरायला पुढे आली आणि थांबली. तिने आईकडे पाहिलं. मग मान वळवून बाबाकडे पाहिलं. परत आईकडे. इतका वेळ एकटीने त्या धगीत काढला होता तेव्हा रडली नसावी, गालांवर तसे ओघळ नव्हते. आता मात्र तिचे ओठ थरथरायला लागले.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

मला आधी कळलंच नाही. धाकटीला कळलं. मागे एकदाच ते दोघं मिळून तिला न्यायला शाळेत गेले होते, तिचे आजोबा वारले त्या दिवशी.

"कुणी नाही गेलं," धाकटी म्हणाली. "कुणीसुद्धा नाही गं."

"आजी?"

"आजी घरी आहे."

"मावशी?"

"मी इथे आहे गं, दारात!" मी ओरडले, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

खारूने दाराकडे बघून खात्री करून घेतली. पण तिचं समाधान झालेलं दिसेना. दोघांचेही हात तिच्यासमोर तसेच पसरलेले होते आणि ती कुठलाच धरत नव्हती.

"मग तुम्ही दोघं कशाला आलात?" ती म्हणाली.